अठरा हजार मेल आणि एकेचाळीस लेबलं

सप्रेम नमस्कार,

मी नाशिकला एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात आहे. घरी मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. माझ्या जीमेलमध्ये आज १८,४०० न वाचलेले मेल आहेत. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस खपून एकेचाळीस लेबलं केली: वीजबिल, शाळा थोरला, शाळा धाकटी, सासूबाई पेन्शन, गाडी, आणि काय काय. महिन्याभरात पुन्हा जैसे थे. मार्चमध्ये मेडिक्लेमच्या नूतनीकरणाचा मेल त्या ढिगात गेला, पॉलिसी संपल्यावर बारा दिवसांनी हप्ता भरला. घरात व्हायचं ते बोलणं झालंच. ऑफिसचा मेल आउटलुकवर, तिथे दर पाच मिनिटांनी टिंग. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण ‘इनबॉक्स झिरो’ म्हणून रिकामी स्क्रीन दाखवते. रात्री झोपताना फोनवरचा तो लाल आकडा दिसला की धस्स होतं. पासवर्डसुद्धा ड्राफ्टमध्येच लिहून ठेवलेत, हसू नका. माझ्यात शिस्तच नाही का?

— एक वाचक, नाशिक

ताई,

शिस्त नसलेलं माणूस ऐन दिवाळीत, फराळ आणि पाहुणे सांभाळून, एकेचाळीस लेबलं करत बसत नाही. तुमची शिस्त भरपूर आहे, ती नको त्या कामाला जुंपली गेलीय एवढंच. जुने मेल लावून ठेवणं हे काम तुमच्या डोक्यातून आधी काढून टाकायचं आहे.

हे मी मनचं सांगत नाही. आयबीएमच्या संशोधकांनी २०११ मध्ये ३४५ जणांचे मेल तपासले. माणसं जुना मेल पुन्हा शोधायला काय करतात, कुठे क्लिक करतात, किती वेळ जातो, अशा ८५ हजारांहून जास्त नोंदी त्यांनी पाहिल्या. निष्कर्ष तुमच्यासारख्यांना दुःख देणारा होता: बारीकसारीक फोल्डर करून ठेवणारी माणसं मेल शोधायला त्या फोल्डरमध्येच जात, पण त्यामुळे त्यांना मेल जास्त सापडत होते असं नाही. सरळ शोधपट्टीत दोन शब्द टाकणाऱ्यांचं काम जास्त झटपट व्हायचं. आणि फोल्डर भरण्यात गेलेला वेळ तर वेगळाच.

कारण उघड आहे. लेबल लावताना आपण ठरवतो की हा मेल ‘शाळा धाकटी’चा. सहा महिन्यांनी शोधताना आठवतं की सहलीचे पैसे भरल्याची पावती हवी होती. ती ‘शाळा’त, ‘पावत्या’त की ‘सहल’मध्ये? शोधपट्टीला हा प्रश्नच पडत नाही. शाळेचं नाव आणि ‘सहल’ टाका, समोर येतं. कॉम्प्युटरवर जीमेल उघडलंत तर त्या पट्टीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांचं एक छोटं चिन्ह दिसेल. ते दाबलं की फॉर्म उघडतो: कोणाकडून आला, विषयात कोणता शब्द, अटॅचमेंट आहे का, आकार केवढा, कोणत्या तारखेच्या आसपास. अकाउंट्सची माणसं तुम्ही, लेजरमधून एक व्हाउचर काढण्यापेक्षा हे सोपं आहे.

तेव्हा त्या अठरा हजारांचं काय करायचं? काहीही नाही. खरंच. येत्या शनिवारी कॉम्प्युटरसमोर बसा (फोनवर हे करू नका, चिडचिड होईल) आणि फक्त गेल्या तीनेक आठवड्यांचे मेल वरवर चाळा. उघडून वाचायचे नाहीत, विषय बघायचा. ज्यावर तुम्हाला काही करायचं राहिलंय त्याला तारा लावा. असे पंधरा-वीस निघतील, त्याहून जास्त निघाले तर तुम्ही स्वतःवर जास्त कडक आहात. मग यादीच्या वर डावीकडे जो चौकोन आहे त्यात टिक करा. आधी फक्त त्या पानावरचे मेल निवडले जातात आणि लगेच वर एक ओळ येते, त्या टॅबमधले सगळेच निवडायचे का असं विचारणारी. ती ओळ दाबा. मग आर्काइव्हचं बटण, तो बाण असलेला खोका. जीमेल खात्री करून घेतं, हो म्हणा. अठरा हजारांना थोडा वेळ लागतो, तोवर चहा टाका.

आर्काइव्ह म्हणजे डिलीट नव्हे, ह्यावर मी मुद्दाम थांबते, कारण नेमकं इथेच लोकांचा हात आखडतो. काहीही पुसलं जात नाही. सगळे मेल ‘ऑल मेल’मध्ये जातात, शोधले की सापडतात, आणि एखाद्या जुन्या मेलला कुणी उत्तर दिलं तर तो आपोआप इनबॉक्समध्ये परत येतो. तारे लावलेले ‘स्टार्ड’मध्ये दिसत राहतात. लाल आकडा मात्र खाली येतो, कारण तो इनबॉक्समधलेच न वाचलेले मोजतो. दारातल्या पत्रपेटीत कुणी पत्रं फाइल करून ठेवत नाही, इनबॉक्सही तेवढाच असावा.

त्या एकेचाळीस लेबलांपैकी तीन ठेवा. जीमेलमध्ये मराठी नावं चालतात, तेव्हा मी तर साधी नावं सुचवीन: ‘करायचं’, ‘त्यांच्याकडून यायचंय’ आणि ‘कागद’. बाकीची काढून टाका. लेबल काढलं तरी त्यातला मेल जात नाही, फक्त चिठ्ठी निघते. पहिल्या लेबलात तुम्ही करायचं काम. दुसऱ्यात, तुम्ही विचारलंय आणि समोरच्याचं उत्तर बाकी आहे असं सगळं: गॅरेजवाल्याचं एस्टिमेट, शाळेकडून दाखला, ऑनलाइन परत केलेल्या कुर्त्याचे पैसे. हे दुसरं लेबल बहुतेक लोक ठेवत नाहीत आणि मग रात्री अकराला आठवतं की ते पैसे आलेच नाहीत.

‘कागद’ हे तुमच्या व्यवसायाचं लेबल. जुलैत विवरणपत्र भरायची घाई सुरू झाली की फॉर्म १६, बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र, गृहकर्ज असेल तर त्याचं, म्युच्युअल फंडांचं एकत्रित विवरण, मेडिक्लेमच्या हप्त्याची पावती हे सगळं एका जागी मिळायला हवं. ह्याला फिल्टर लावा, म्हणजे रोज हाताने काही करावं लागणार नाही. बँकेचा असा एक मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर दाबा, त्यात ‘फिल्टर मेसेजेस लाइक धिस’ असा पर्याय आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता आपोआप भरलेला येतो. विषयाच्या रकान्यात ‘स्टेटमेंट’ किंवा ‘सर्टिफिकेट’ असा त्यांच्या मेलमध्ये असतो तो शब्द, आहे त्या स्पेलिंगनेच टाका, नाहीतर कर्जाच्या जाहिरातीही कागदांत येऊन बसतील. पुढच्या खिडकीत तीन टिक करा: लेबल लावा, स्पॅममध्ये कधीही टाकू नका, आणि आधीच्या अशाच मेलनाही हेच करा. तिसरी टिक महत्त्वाची, कारण तिच्यामुळे मागचे तसे सगळे मेलही एका झटक्यात ‘कागद’मध्ये येतात. पाच-सहा ठिकाणांसाठी असा फिल्टर केलात की पुरे.

आता मेडिक्लेम. तुम्हाला वाटतंय की मेल ढिगात गेला म्हणून हप्ता चुकला. मला तसं वाटत नाही. इनबॉक्स लख्ख असता तरी तो मेल तुम्ही महिन्याभर आधी पाहिला असता, ‘अजून वेळ आहे’ म्हणून ठेवला असता आणि विसरला असतात. मेल आला म्हणजे तारीख लक्षात राहील, हा भरवसाच चुकीचा. तारीख कॅलेंडरात हवी. मेलमधून एकदा तारीख उचलायची, फोनच्या कॅलेंडरात दरवर्षी येणारी नोंद करायची, महिनाभर आधीची एक आणि आठवड्याआधीची एक अशा दोन आठवणी लावायच्या, की त्या मेलचं काम संपलं. तुमच्या घरच्या अशा तारखा मोजून दहा-बारा असतील: मेडिक्लेम, गाडीचा विमा, पीयूसी, घरपट्टी, एलआयसीचे हप्ते, विवरणपत्र, मुलांची फी, सासूबाईंचा नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला. एका संध्याकाळचं काम आहे.

तुमचं बारा दिवसांवर निभावलं, कारण वार्षिक हप्त्याच्या आरोग्य विम्याला ३० दिवसांचा ग्रेस पिरियड, म्हणजे मुदतीनंतरची सवलत असते. त्यात भरलंत म्हणून जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाणार नाही. मात्र त्या मधल्या दिवसांत कुणाला ॲडमिट करावं लागलं असतं तर दावा मिळाला नसता. गाडीचं तर आणखी कडक आहे. विमा संपला त्या रात्रीपासून गाडी विम्याविना रस्त्यावर, आणि ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनसही, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही गेली.

गाडीवरून आठवलं, गाडी कुणाच्या नावावर आहे? तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही अगदी सहज लिहून गेलात. दोन मुलांच्या शाळा, सासूबाईंची पेन्शन, गाडी, वीज, सगळ्यांचे मेल तुमच्याच पत्त्यावर. फॉर्म भरताना ‘ईमेल काय टाकू?’ असं कुणी विचारलं की घरातून उत्तर येतं, ‘हिचाच टाका’. होय ना? म्हणजे सगळ्या घराची आवक-जावक तुम्ही एकट्या बघता, तीही ऑफिसातली आवक-जावक बघून आल्यावर, आणि एक मेल हुकला की बोलणी मात्र तुम्हाला. ह्यावर कुठलंही लेबल चालणार नाही. गाडीचा विमा, पीयूसी आणि सर्व्हिसिंग ज्याची गाडी त्याच्या मेलवर जाऊ दे. विमा कंपनीच्या ॲपमध्ये किंवा हेल्पलाइनवर ईमेल बदलून मिळतो. घराची बिलं आणि शाळा ह्यांसाठी घराचा म्हणून एक वेगळा जीमेल पत्ता काढा, तो दोघांच्याही फोनवर लावा. महावितरणचं बिल, गॅस, शाळा, सोसायटी, सगळं तिकडे. सासूबाईंचा पत्ता त्यांच्या नावाने वेगळा असू दे आणि त्यांच्या मुलाच्या फोनवर असू दे. पेन्शन तुमच्या नवऱ्याच्या आईची आहे.

हे घरी कसं काढायचं ते तुम्ही जास्त जाणता. मी असते तर भांडणाच्या दिवशी काढलं नसतं. ‘उद्या मी आठ दिवस आजारी पडले तर मेडिक्लेमचा नंबर तुम्हाला सापडेल का?’ एवढंच रविवारी नाश्त्याच्या वेळी विचारलं असतं.

येणाऱ्या पाण्याचा नळही थोडा आवळायला हवा. रोज येणाऱ्यांपैकी बरेचसे साड्या, हॉटेल बुकिंग, कर्ज, कोर्स असले असणार. २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम केलाय की जे रोज हजारोंनी जाहिरातीचे मेल पाठवतात त्यांनी एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय द्यावी आणि दोन दिवसांत ते अमलात आणावं. तेव्हा पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ‘अनसबस्क्राइब’ दिसतं ते दाबा. यासाठी वेगळा दिवस काढू नका, रोज समोर येतील तसे चार-पाच उडवा. जीमेलच्या डावीकडच्या मेनूत ‘मॅनेज सबस्क्रिप्शन्स’ दिसत असेल तर तिथे सगळे पाठवणारे एकाखाली एक सापडतील. ओळखीच्या दुकानासाठी हे ठीक. अनोळखी, गचाळ मेलच्या तळाशी असलेल्या लिंकवर मात्र जाऊ नका, तो सरळ स्पॅममध्ये टाका.

‘तुमचं केवायसी आज संपतंय’ छापाचे मेलही ह्याच गर्दीत येतात आणि माणूस दमलेला असला की त्याला भुलतो. बँकेचं काम असेल तर बँकेचं ॲप उघडून बघायचं, मेलमधल्या लिंकवरून कधीच नाही. पैसे गेलेच तर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन.

जागा भरत आली असेल तर एक पाहा. गूगलचे फुकटचे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात, आणि ॲन्ड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून त्यातच मोजला जातो. म्हणजे नातेवाइकांच्या ग्रुपवरच्या सुप्रभातच्या व्हिडिओंमुळे बँकेचा मेल परत जाऊ शकतो. शोधाच्या त्या फॉर्ममध्ये आकार १० एमबीपेक्षा मोठा असं टाका, जड मेल समोर येतील, नको ते डिलीट करा. ट्रॅश आपोआप ३० दिवसांनी रिकामा होतो, जागा लगेच हवी असेल तर हाताने रिकामा करावा लागतो. ‘प्रमोशन्स’ टॅब डोळे मिटून पुसलात तरी चालेल. ‘अपडेट्स’ नको, त्यात रेल्वेची तिकिटं आणि पावत्या असतात.

ऑफिसच्या टिंगटिंगचा आधी बंदोबस्त करा: आउटलुकच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज आणि कोपऱ्यात उगवणारी ती खिडकी दोन्ही बंद. मग एक रूल करा. आउटलुकमध्ये ‘माझं नाव सीसीमध्ये असेल तर’ अशी अट तयार मिळते, तसे मेल वेगळ्या फोल्डरात जाऊ द्या आणि संध्याकाळी एकदा चाळा. हा एकच फोल्डर मी करायला सांगीन. कारखान्यात निम्मे मेल ‘माहितीसाठी’ नाहीतर ‘उद्या माझ्यावर यायला नको’ म्हणून सीसी केलेले असतात, त्यांना तुमच्याकडून काही नको असतं.

उरलेले मेल ठरावीक वेळी बघा. सकाळी आल्यावर, जेवणानंतर, निघण्याआधी अर्धा तास. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायला सांगितलं आणि एक आठवडा हवा तेवढ्या वेळा. तीनदाच्या आठवड्यात त्यांचा ताण कमी होता. मात्र दिवसातून तीनदाच बघणं त्यांनाही जड गेलं, हेही त्यात होतं. महिनाअखेरीला तुम्हाला ते जमणार नाही, तेव्हा दर दोन तासांनी बघा, पण टिंग वाजली म्हणून नको. साहेबांना एकदा सांगून ठेवा: तातडीचं असेल तर एक्स्टेंशनवर फोन करा. बहुतेक साहेबांना हे आवडतं.

मेल उघडलात की तिथेच निकाल लावायचा. दोन ओळींचं उत्तर असेल तर आत्ता. मोठं काम असेल तर ‘करायचं’मध्ये. दुसऱ्याचं असेल तर त्याला पाठवा. उघडून, वाचून, पुन्हा ‘न वाचलेला’ करून ठेवणं मात्र बंद, कारण तो मेल तुम्ही चारदा वाचता आणि चारही वेळा त्याचं ओझं घेता. एखाद्यावर सोमवारीच काही करता येणार असेल तर जीमेलमध्ये घड्याळाचं चिन्ह आहे, स्नूझ. सोमवार सकाळ द्या, तोवर तो नजरेआड होतो.

विषयाची ओळ नीट लिहा, समोरच्याचीही सवय बदलते. व्हेंडर पेमेंटच्या मेलवर ‘आरई आरई एफडब्ल्यूडी’ लागत लागत खाली सहलीची चर्चा चाललेली तुम्ही पाहिली असेल. विषय बदलला तर नवा मेल. आणि विषयात कामच लिहा: ‘मार्च जीएसटी मिळवणी: तुमची मंजुरी गुरुवारपर्यंत’. असल्या मेलला ‘नेमकं काय हवंय?’ असं विचारणारं उत्तर येत नाही, म्हणजे येणारा एक मेल कमी.

तुमच्या मैत्रिणीबद्दल. इनबॉक्स झिरो हा शब्द मर्लिन मॅन ह्या अमेरिकन लेखकाने वीसेक वर्षांपूर्वी रूढ केला, आणि त्याचं म्हणणं असं की ते शून्य मेलच्या संख्येचं नव्हतंच. इनबॉक्समध्ये आपलं किती डोकं अडकून पडतं, त्याबद्दल तो बोलत होता. स्क्रीन रिकामी ठेवायला दिवसभर मेलच्याच मागे राहणाऱ्या बाईला ते शून्य मिळालंय का, मला शंका आहे. तुमच्या इनबॉक्समध्ये तीस-चाळीस मेल राहिले तरी काही बिघडत नाही.

रात्रीच्या लाल आकड्याचा उपाय सर्वात सोपा म्हणून शेवटी ठेवला. फोनच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्समध्ये जाऊन जीमेलचा बॅज, म्हणजे तो आकडा, बंद करा. जीमेलच्या आत सूचना ‘हाय प्रायॉरिटी ओन्ली’ करा. रात्री नऊनंतर येणारा कोणताही मेल सकाळपर्यंत थांबतो. ज्याला खरंच थांबवत नाही तो फोन करतो.

आणि ड्राफ्टमधले पासवर्ड. हसले नाही, पण हे शनिवारची वाट न बघता आजच करा. तुमचा मेल कुणी उघडला तर बाकी सगळ्या किल्ल्या त्याला तिथेच टांगलेल्या मिळतील. पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड जपून ठेवणारी सोय) वापरा, क्रोममध्ये आणि आयफोनमध्ये तो आधीपासून असतो. बँकेचा आणि खुद्द जीमेलचा पासवर्ड बदला, जीमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) लावा आणि रिकव्हरीसाठी दिलेला मोबाइल नंबर अजून चालू आहे ना ते तपासा. पुष्कळांचा तिथे जुना, बंद पडलेला नंबर असतो. मग तो ड्राफ्ट काढून टाका. ड्राफ्ट डिस्कार्ड केला की झालं, पण त्याची प्रत स्वतःलाच मेल करून ठेवली असेल तर तीही शोधून डिलीट करा आणि ट्रॅश लगेच रिकामा करा.